सायकलच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीपर्यंत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कारखानदारीचा इतिहास बहुधा लोखंडी नांगरापासून सांगितला जातो. पण त्या नांगराच्या आधीची पंधरा वर्षे सायकलची आहेत. ज्या ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ने पुढे कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, ती पेढी आपली स्थापना १८८८ सालची मानते, आणि तिचा पहिला धंदा बेळगावात सायकली विकण्याचा व दुरुस्त करण्याचा होता. कृष्णाकाठच्या यंत्रविद्येने पहिले धडे सायकलवर गिरवले. सायकल ज्या रूपात या भागात आली आणि टिकली, त्यालाही इथल्या रस्त्यांची आणि शेतीची कारणे आहेत.

आजची ओळखीची सायकल त्या वेळी जेमतेम जन्माला आली होती. १८७०च्या दशकात युरोपात चालत होती ती पुढे छातीइतके उंच चाक आणि मागे लहानसे चाक असलेली सायकल. तिच्यावरून पडणारा सरळ डोक्यावर आपटत असे. म्हणून वयस्कर माणसे आणि स्त्रिया तीनचाकी पसंत करीत. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री हे या तीनचाकींचे मोठे केंद्र होते. तिथल्या जेम्स स्टार्लीने बनवलेली तीनचाकी १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने विकत घेतल्यावर तिला प्रतिष्ठाही मिळाली. १८८५ मध्ये त्याचाच पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि गती साखळीने मागच्या चाकाला मिळत होती. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. या दोन शोधांनी उंच चाकाची सायकल इतिहासजमा झाली आणि तीनचाकी मागे पडली. बेळगावातील दुकान नेमके या वळणावर सुरू झाले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंगांतील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. रंगकाम सोडावे लागले, तरी यंत्रांच्या रेखाटनात त्यांचा हात पक्का बसला होता. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहून त्यांनी ती मिळवली, चालवायला शिकले आणि तिची रचना समजून घेतली. मग मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायच्या आणि तिथे थोरले बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा धंदा दोघा भावांनी बसवला. गिऱ्हाइकाला चालवायला शिकवण्याचे काम रामूअण्णांकडे असे आणि त्याची फी पंधरा रुपये होती. न शिकवता सायकल विकणे तेव्हा शक्यच नव्हते, कारण ती चालवणारा माणूस गावात कुणी पाहिलेला नव्हता. पुढे मुंबईतील नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव ती सोडून बेळगावला आले आणि दुकानात पूर्णवेळ उतरले. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

सायकल दुरुस्तीचे दुकान ही यंत्रविद्येची फार चांगली शाळा असते. चाक वाकडे फिरत असेल, तर चिमट्याजवळ खडू धरून ते गरगर फिरवतात. जिथे खडू लागतो तिथले आरे एका बाजूचे सैल आणि दुसऱ्या बाजूचे घट्ट करीत चाकाचा ‘आऊट’ काढतात. हे काम नुसत्या जोराने होत नाही. अर्धी आटी जास्त फिरली, तर चाक दुसऱ्या बाजूला जाते. कटोरी आणि कोन यांच्यामध्ये छर्रे बसवताना घट्टपणा नेमका राखावा लागतो. कमी पडला तर चाक हलते, जास्त झाला तर छर्रे कटोरीला खातात. सायकल पूर्ण उघडून, रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडणे म्हणजे ‘ओव्हरऑइल’ करणे. हे ज्याच्या हाताने चार वेळा झाले, त्याला आटे, बेअरिंग, साखळी आणि दातेरी चाके पुस्तकाशिवाय कळतात. बैलगाडीचा आस वंगणाने चालतो आणि तिच्यात सुताराचा अंदाज पुरतो. सायकलमध्ये मात्र सुटे भाग एकमेकांना बरोबर बसायला हवेत, आणि एक बिघडला तर त्याच मापाचा दुसरा घालता यायला हवा. ही शिस्त पुढे कारखान्यात कामाला आली.

सायकलच्या जोडीला दुकानात कडबा कापायची यंत्रे तयार होऊ लागली आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीला विष चढते, ही समजूत शेतकऱ्यांत खोल रुजलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. सायकलच्या बाबतीत जे केले, तेच इथेही करावे लागले. नुसती वस्तू मांडून भागले नाही, ती वापरून दाखवावी लागली. धंदा जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच नगरपालिकेच्या नव्या वसाहतीच्या योजनेत कारखान्याची जागा गेली आणि किर्लोस्करांना बेळगाव सोडणे भाग पडले.

या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. १९०९ मध्ये ते गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर आले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली. राजधानीचे औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात. १९४९ मध्ये सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. त्यामुळे ही वसाहत दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासात मोडते.

किर्लोस्करवाडीतून कारखानदारीचे हे लोण साताऱ्याकडे गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापण्यापूर्वी आणि तिच्या सुरुवातीच्या काळात ओगलेवाडीचा काच कारखाना आणि किर्लोस्कर या दोन्हींसाठी विक्रेता म्हणून गावोगाव फिरती केली होती. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात नांगराचा कारखाना काढला, त्याच्या उभारणीतही भाऊरावांचा हात होता. बेळगावच्या दुकानात मिळवलेले ज्ञान अशा रीतीने तीन दशकांत कृष्णेच्या खोऱ्यात पसरले.

सायकल स्वतः मात्र खेड्यात उशिरा पोहोचली. स्वातंत्र्यापूर्वी ती शिक्षक, वकील, डॉक्टर आणि सरकारी नोकर यांच्याकडे दिसे. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय सायकल्स, सोनीपतला अॅटलस, आसनसोलला सेन-रॅले आणि लुधियानाला हीरो हे कारखाने एकामागून एक निघाले. काळ्या रंगाची, २८ इंची चाकांची, दांडेवाली सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. गवळ्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवल्या, शेतकऱ्याने मागे वैरणीचा भारा बांधला, साखर कारखान्यातील कामगार रात्रपाळीला तिच्यावरून जाऊ लागला. ज्याला ती घेणे परवडत नव्हते, तो तासाच्या भाड्याने आणी. पाय पोचत नसलेली पोरे दांड्याखालून पाय घालून, अंग तिरके करून शिकत. नगरपालिका दरवर्षी कर घेऊन पितळी बिल्ला देत आणि रात्री दिव्याशिवाय सापडलेल्याला दंड होई.

जगात विसाव्या शतकात सायकलचे दुसरे रूपही घडत होते. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची, म्हणजे रिकम्बंट सायकल तयार केली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर याने पॅरिसमध्ये तिच्यावरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी बांधली, की ही रचना शर्यतींतून बाहेर पडली. शर्यत नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून मागणी नाही, आणि कारखान्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. १९७०च्या दशकात अमेरिकेतील अभियंत्यांनी तिला पुन्हा हातात घेतले. २०१६ मध्ये टॉड रायकर्टने वाऱ्याला छेदणाऱ्या कवचाच्या अशाच सायकलवर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला.

तिचे आकर्षण वेगापुरते नाही. सपाट रस्त्यावर जोरात जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. रेललेल्या शरीराला वारा कमी अडतो. वजन पाठीवर आणि रुंद बैठकीवर विभागले जाते, त्यामुळे मनगटे, मान आणि कंबर कमी दुखतात. त्याच बांध्याच्या तीनचाकीवर तोलही सांभाळावा लागत नाही. गुडघे-पाठीच्या तक्रारी असलेल्यांना आणि उतारवयात सायकल सोडावी लागलेल्यांना ती पुन्हा रस्त्यावर आणते.

सातारा-सांगलीत ही रचना रुजली नाही, याची कारणे शेतशिवारात सापडतात. दोनचाकीचा माग एकच असतो. ती शेताच्या बांधावरून, पायवाटेवरून, बैलगाडीच्या चाकोरीच्या कडेने जाते. तीन चाकांना तीन माग लागतात आणि खड्डा चुकवायला जागा उरत नाही. वैरणीचा भारा आणि दुधाच्या किटल्या रेलून बसणाऱ्याच्या सायकलवर बांधणे अवघड. कृष्णाकाठचा सांगली-मिरजेचा सपाट प्रदेश तिला मानवला असता, पण यवतेश्वर किंवा पसरणीच्या घाटात उभे राहून पॅडल मारण्याची सोय तिच्यावर नाही. तिथे दोनचाकी रिकम्बंटला फार हळू चढावे लागते आणि हळू चालताना तोल जातो. तीनचाकी हलक्या गिअरवर सावकाश का होईना, न कलंडता चढते. बसून चालवायची तीनचाकी या भागात आली ती अपंगांसाठी, हाताने फिरवायच्या रूपात. १९७२ मध्ये केंद्र सरकारने कानपूरला ‘ॲलिम्को’ ही कंपनी अशा साधनांसाठी स्थापन केली आणि तिच्या तीनचाकी सायकली देशभर वाटल्या गेल्या. चालता न येणाऱ्या माणसाला या तीनचाकीने बाजार, शाळा आणि कचेरी गाठून दिली.

१९८५ नंतर कमी पेट्रोल खाणाऱ्या मोटरसायकली आल्या आणि ओझे वाहणारी काळी सायकल मागे सरली. तासाच्या भाड्याची दुकाने बंद पडली. पण त्याच दुकानांत आऊट काढायला शिकलेल्यांपैकी अनेकांनी मोटरसायकली, पंप आणि इंजिने दुरुस्त करायला घेतली. १८८८ मध्ये दोन भावांनी सायकलवरून नांगराकडे जाण्याची जी वाट चोखाळली होती, तिच्यावरून पुढच्या पिढ्यांतील असंख्य कारागीर गेले. सातारा-सांगलीच्या औद्योगिक इतिहासात सायकलचे स्थान वाहनाच्या आधी शिक्षकाचे आहे.