गाडीला लिंबू

नवी गाडी घेतली की आपण काय करतो? हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतो. १९८० साली कनेक्टिकटमध्ये आम्ही आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली तेव्हा सौ.नेही सुपरमार्केटमधून एक पिवळंधमक लिंबू आणून चाकाखाली ठेवलं. शेजारचे गृहस्थ हिरवळीला पाणी घालत होते. ते थबकले, कुंपणाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गाडी आजच घेतलीत ना? इतक्यात कळलंसुद्धा?"

आम्हाला काही उलगडा होईना. मग त्यांनी समजावून सांगितलं. या देशात गाडीला 'लेमन' म्हणणं म्हणजे तिला भाकड म्हणणं. नवी घेतलेली, दिसायला ठाकठीक, पण जन्मतःच काहीतरी बिघडलेली आणि कितीही वेळा दुरुस्त केली तरी न सुधारणारी. आपण ज्याने दृष्ट काढतो, तीच इथली शिवी! आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या दोन वर्षांत ते हसू हळूहळू मावळलं.

गाडी कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही. स्टेशन वॅगन होती, तपकिरी रंगाची. तिसऱ्या आठवड्यात गिअर घसरू लागले. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. दोन वर्षांत अकरा वेळा ती वर्कशॉपमध्ये गेली, आणि प्रत्येक वेळी काऊंटरवरचा माणूस त्याच शांतपणे सांगायचा की या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या असं करतात. जानेवारीतल्या एका रात्री वॉटरबरीच्या चढावर, हायवे ८४ वर ती बसली ती बसलीच. मागे चार महिन्यांची मुलगी, बाहेर बर्फ, हीटर बंद. टो-ट्रक यायला पाऊण तास लागला. सौ.ने मुलीला स्वतःच्या कोटात घेतलं होतं आणि ती एक शब्दही बोलत नव्हती. तिचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

शेजाऱ्यांची गाडी वेगळ्या कंपनीची, पण रड तीच. हा माणूस पोलिश वंशाचा, हत्यारांच्या कारखान्यात कामाला, बोलायला रोखठोक. त्यांनी एका शनिवारी गाडीच्या दोन्ही दारांवर पिवळ्या रंगाने भलीमोठी लिंबं रंगवली, टपावर पुठ्ठ्याची पाटी बांधली, त्यावर गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती तो आकडा लिहिला, आणि डीलरच्या समोर, पण सार्वजनिक रस्त्यावर, ती उभी केली. स्वतः घडीची खुर्ची टाकून थर्मासमधली कॉफी पीत बसले. "पाटीवर खोटं एक अक्षर नाही, आणि त्यांच्या जागेत मी एक इंच नाही. काय करतील?" मला म्हणाले, "तुम्हीही आणा तुमची. दोन गाड्या दिसल्या तर जास्त शोभेल."

मी गेलो नाही. का, ते पुढे सांगतो.

हा उद्योग काही आमच्या शेजाऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत देशभर लोक हेच करत होते. १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियात एका मालकाने तर आपली जवळजवळ नवी लिंकन गाडी फोर्डच्या कारखान्यासमोर नेऊन पेटवून दिली होती. आपल्याला वाटतं, सुखवस्तू लोकांचे चोचले! पण त्या काळी तुमच्यामाझ्यासारख्याच्या हातात दुसरं होतं काय? वॉरंटी होती, पण तिचा अर्थ एवढाच की कंपनी बिघडलेला भाग बदलून देईल. तो पुन्हा बिघडला तर पुन्हा बदलून देईल. गाडी परत घ्या, पैसे द्या, असं म्हणायची सोय व्यवहारात नव्हती. कोर्टात जायचं तर वकिलाची फी गाडीच्या किमतीला भिडायची.

कोर्टात जाणाऱ्यांना न्याय मिळतच नव्हता असं मात्र नाही. न्यू जर्सीतला १९६८चा एक निकाल मला फार आवडतो. झॅब्रिस्की शेवरोले या डीलरकडून एका गृहस्थांनी नवी गाडी घेतली. १९६७च्या फेब्रुवारीत त्यांची पत्नी ती आणायला गेली. शोरूमपासून पाऊण मैलही झाला नसेल, सिग्नलला गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. शेवटी ती सर्वांत खालच्या गिअरमध्ये रांगत घरी आली. नवऱ्याने त्याच संध्याकाळी बँकेला कळवून चेक थांबवला. डीलर म्हणाला, आम्ही ट्रान्समिशन बदललंय, आता गाडी न्या आणि पैसे द्या. कोर्टाने डीलरला नाही म्हटलं. न्यायाधीशांचं म्हणणं असं की गाडी हा बहुतेक माणसांच्या आयुष्यातला मोठा खर्च. एकदा तिच्यावरचा विश्वास उडाला की ती केवळ यंत्र म्हणून चालते का, हा प्रश्न उरत नाही. वॉटरबरीच्या चढावरची माझी बायको या न्यायाधीशांना नक्की पटली असती. पण लक्षात घ्या, त्या गृहस्थांनी चेक वेळेवर थांबवला म्हणून डीलरला कोर्टात यावं लागलं. ज्यांचे पैसे आधीच गेले, त्यांनी काय थांबवायचं?

याच काळात राल्फ नेडर हे नाव घरोघरी झालं होतं. हा माणूस आमच्याच राज्यातला, विन्स्टेडचा. आईवडील लेबनॉनहून आलेले, गावात त्यांचं खाण्याचं हॉटेल होतं. १९६५ मध्ये त्यांनी मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीला हात घातला. कंपनीने उत्तर म्हणून त्यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. काही भानगड सापडते का ते पाहायला! २२ मार्च १९६६ रोजी सिनेटच्या समितीसमोर कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच सप्टेंबरमध्ये प्रेसिडेंट जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नेडर यांनी कंपनीवर दावा लावला होता, तो १९७० मध्ये ४,२५,००० डॉलर्सवर मिटला आणि ते पैसे त्यांनी ग्राहकांच्या कामाला लावले. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये 'सेंटर फॉर ऑटो सेफ्टी' सुरू झालं. लिंबूवाल्या मालकांची गाऱ्हाणी तिथे येऊन पडू लागली.

दुसरीकडे, गिऱ्हाईक शांत बसेना. १९७७ मध्ये शिकागोकडे लोकांच्या लक्षात आलं की ऑल्डस्मोबिल म्हणून विकलेल्या गाड्यांत इंजिन चक्क शेवरोलेचं आहे! नेहमीचे सुटे भाग बसेनात म्हणून हे उघडकीला आलं. इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलनी दावा ठोकला, इतर राज्यं मागोमाग आली, आणि वर्षअखेरीस कंपनीने मालकांना २०० डॉलर्स आणि वाढीव वॉरंटी देऊ केली. म्हशीचं दूध गाईचं म्हणून विकण्यातलाच हा प्रकार. दूध वाईट नसेलही, पण मी मागितलं काय होतं?

१९७५ मध्ये वॉरंटीसाठी मॅग्नसन-मॉस नावाचा केंद्रीय कायदा आला. 'फुल' आणि 'लिमिटेड' असे वॉरंटीचे दोन प्रकार त्याने ठरवले. कंपन्यांनी अर्थातच 'लिमिटेड'चा रस्ता धरला. खरी अडचण वेगळीच होती. 'वाजवी' इतक्या वेळा दुरुस्तीची संधी द्यायची, असं कायदे म्हणत. वाजवी म्हणजे किती? तीन? तेरा? माझ्या अकरा खेपा वाजवी की अवाजवी?

याचं उत्तर आमच्या हार्टफर्डच्या विधानसभेत मिळालं. जॉन वुडकॉक नावाचे साउथ विंडसरचे तरुण आमदार होते, पेशाने वकील. त्यांनी १९८२ मध्ये आणलेला कायदा देशातला पहिला 'लेमन लॉ' म्हणून ओळखला जातो. त्यातली सगळी जादू दोन आकड्यांत आहे. एकच बिघाड चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, की वाजवी संधी संपली. कंपनीने गाडी बदलून द्यावी नाहीतर पैसे परत करावेत. शेजाऱ्यांच्या टपावरच्या पाटीवर जो आकडा होता, तोच जणू कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी सॅली टॅनर यांच्या पुढाकाराने असाच कायदा केला. १९८४ मध्ये कनेक्टिकटने कोर्टाशिवाय निवाडा करणारी सरकारी लवाद यंत्रणा उभी केली. पुढे पन्नासही राज्यांत लेमन लॉ आला.

आमची गाडी मात्र कायद्याच्या आधीची. नशीब!

आता मी शनिवारी का गेलो नाही ते. ग्रीन कार्ड हातात होतं, सिटिझनशिप नव्हती. परक्या देशात रस्त्यावर पाटी घेऊन बसायचं? पोलीस आले तर? ऑफिसातल्या कुणी पाहिलं तर? पण नुसती भीती नव्हती, वळणही होतं. आम्ही ज्या देशातून आलो तिथे बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट मिळाली की पेढे वाटायचे. जे मिळालं त्याबद्दल तक्रार कसली? पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, हे मला इकडे येण्यापूर्वी माहीत असायला हवं होतं. नव्हतं. आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६चा, म्हणजे कनेक्टिकटच्या मागून फक्त चार वर्षांनी.

ही सगळी आठवण निघायचं कारण म्हणजे भाच्याने पाठवलेला एक व्हिडिओ. २०२२च्या एप्रिलमधला, आमच्या बीड जिल्ह्यातल्या परळीचा. एका तरुणाची नवी ओला इलेक्ट्रिक स्कूटर काही दिवसांतच बंद पडली. कंपनी दाद देईना. त्याने स्कूटर गाढवाला बांधली, पाट्या लावल्या आणि परळीच्या रस्त्यांवरून वरात काढली. भाच्याने खाली लिहिलं होतं, 'मामा, तुमच्या अमेरिकेत असं चालतं का?'

त्याला मी शेजाऱ्यांची गोष्ट लिहून पाठवली. तिसऱ्या शनिवारी डीलरने त्यांना आत बोलावून नवीन गिअरबॉक्स फुकट बसवून दिला. आमची गोष्ट मात्र लिहिली नाही.

जॉर्ज अकेरलॉफ यांचा 'मार्केट फॉर लेमन्स' हा १९७० सालचा लेख अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता, आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९६७-६८ मध्ये हे गृहस्थ दिल्लीत राहिले होते. जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दलच्या त्या लेखात तांदळातले मुद्दाम मिसळलेले खडे वेचणारी गृहिणीही आहे! त्यांचा मुद्दा असा की गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं, आणि त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर पडतात नि भाकड तेवढ्या उरतात.

हा लेख मी निवृत्तीनंतर वाचला. १९८२च्या उन्हाळ्यात आम्ही ती वॅगन दुसऱ्या एका डीलरला मोडीच्या भावात देऊन टाकली. त्याने विचारलं, "काही त्रास?" मी म्हटलं, "तसा काही नाही." दोन आठवड्यांनी त्याच रस्त्याने घरी येताना ती दिसली. धुऊनपुसून चकाचक, काचेवर 'वन ओनर' अशी पाटी. एक तरुण जोडपं तिचं मागचं दार उघडून आत बघत होतं. बाईच्या कडेवर मूल होतं.

मी गाडी हळू केली. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि मी पुढे निघालो.