प्रचक्राचे संतुलन

प्रचक्राचे संतुलन म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागील टोकास बसवलेल्या प्रचक्राच्या (फ्लायव्हीलच्या) वजनाची विभागणी त्या इंजिनाच्या रचनेशी जुळवणे होय. स्वयंचलित गिअरबॉक्स काढून हाताने चालवण्याचा गिअरबॉक्स बसवताना ही बाब महत्त्वाची ठरते. प्रचक्रावर क्लच बसत असला, तरी संतुलनाच्या दृष्टीने ते इंजिनाचा भाग असते. त्यामुळे केवळ गिअरबॉक्स पाहून त्याची निवड करता येत नाही.

प्रकार

अंतर्गत संतुलनाच्या इंजिनात सर्व प्रतिभार क्रँकशाफ्टवरच असतात आणि प्रचक्र समतोल असते. बाह्य संतुलनाच्या इंजिनात प्रतिभाराचा काही भाग प्रचक्रावर व बहुधा पुढील डॅम्परवर असतो. असे प्रचक्र हेतुपुरस्सर असमतोल ठेवलेले असते. फोर्डच्या 302 घनइंची व्ही-8 इंजिनात हा असमतोल आधी 28 औंस-इंच होता. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी तो 50 औंस-इंच झाला. बोल्टची छिद्रे जुळूनही या दोन काळांतील प्रचक्रे परस्परांऐवजी वापरता येत नाहीत.

परिणाम

असमतोलामुळे निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरील दोन प्रचक्रांची अदलाबदल झाल्यास 22 औंस-इंचांचा फरक उरतो. मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या वेगात त्याचे बल सुमारे 1,560 न्यूटन, म्हणजे जवळपास 160 किलोग्रॅम वजनाइतके होते. वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते. त्यामुळे कंपने वाढतात, बेअरिंगे झिजतात आणि क्रँकशाफ्टला तडा जाऊ शकतो.

जुळवणी

स्वयंचलित गिअरबॉक्ससोबत प्रचक्राऐवजी पातळ फ्लेक्सप्लेट असते. नव्या प्रचक्राचा असमतोल परिमाण आणि कोन या दोन्ही बाबतींत फ्लेक्सप्लेटशी जुळावा लागतो. त्यासाठी दोन्ही भाग संतुलन यंत्रावर मोजतात आणि जड बाजूस छिद्रे पाडून नव्या प्रचक्राचे वजन कमी करतात. रिंग गिअरच्या दात्यांची संख्या स्टार्टरशी जुळणेही आवश्यक असते.

नौकांची इंजिने

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा रायगड किनाऱ्यावरील बंदरांतील यांत्रिक मासेमारी नौकांच्या डिझेल इंजिनांनाही हेच तत्त्व लागू पडते. एक-दोन सिलिंडरांच्या काही इंजिनांत प्रतिभार प्रचक्रातच ओतलेला असतो. अशा इंजिनास दुसरे, समतोल प्रचक्र बसवल्यास कंपने थेट इंजिनाच्या बैठकीत आणि नौकेच्या सांगाड्यात उतरतात.

हे सुद्धा पहा

क्रँकशाफ्ट
क्लच
डिझेल इंजिन