आंबेडकर हाऊस, लंडन

उत्तर लंडनमधील प्रिमरोज हिल भागातील 10, किंग हेन्रीज रोड हे घर. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (1891–1956) विद्यार्थिदशेत येथे राहत होते. दर्शनी भिंतीवरील निळ्या फलकावर वास्तव्याचा काळ 1921–22 असा दिलेला आहे. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन संग्रहालय म्हणून खुले केले.

वास्तू : व्हिक्टोरियन काळातील, रांगेतील बहुमजली घर.

वास्तव्य : बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे आंबेडकरांना 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजमधील पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला आले. अपुरे जेवण, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील दिवसभराचे वाचन आणि रात्रीचे जागरण यांची वर्णने चरित्रकारांनी केली आहेत. मात्र लंडनमध्ये त्यांचा मुक्काम एकाच पत्त्यावर नव्हता. त्यामुळे त्या सगळ्या आठवणी या एका घराशी जोडणे धाडसाचे ठरेल. किंग हेन्रीज रोडच्या बाबतीत भक्कम आधार आहे तो कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन यांना 16 फेब्रुवारी 1922 रोजी लिहिलेल्या पत्राचा. त्यावर हाच पत्ता आहे. मायदेशी परतण्याच्या सुमारास जहाज पाणतीराला बळी पडून आपल्या मूळ प्रबंधाचे हस्तलिखित नाहीसे झाले आणि म्हणून नवा प्रबंध लिहिला, असे आंबेडकरांनी या पत्रात कळवले आहे.

या घराचे खरे महत्त्व आहे ते येथील वास्तव्याच्या काळात सिद्ध होत असलेल्या अर्थशास्त्रीय लेखनात. 1921 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. पूर्ण झाल्यावर आंबेडकर प्रा. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाकडे वळले. सुवर्ण विनिमय परिमाणाने रुपयाची किंमत स्थिर राहील, हे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्यासह अनेकांचे मत त्यांनी अमान्य केले. चलनाच्या पुरवठ्यावर सरकारी मर्जीऐवजी ठाम मर्यादा असली पाहिजे, कारण महागाईचा पहिला फटका गरिबालाच बसतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. परीक्षकांच्या आक्षेपांनंतर सुधारलेल्या या प्रबंधाला 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने तो त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिताना कॅनन यांनी आपले मतभेद लपवले नाहीत. पुढे भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाला दिलेल्या साक्षीत आंबेडकरांनी हीच भूमिका मांडली. ग्रेज इनमधील बॅरिस्टरीचा अभ्यासही याच काळात सुरू होता.

खरेदी : आंबेडकरांच्या मुक्कामानंतर सुमारे नव्वद वर्षे ही वास्तू खासगी निवासस्थानच होती. ती विक्रीला निघाल्याची बातमी ब्रिटनमधील आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांनी 2014 मध्ये महाराष्ट्र शासनाला कळवून पाठपुरावा केला. ही जागरूकता नसती तर वास्तू पुन्हा खासगी हातांत गेली असती. वास्तू जपली गेल्याचे श्रेय शासनाइतकेच या संघटनांना द्यायला हवे. किंमत सुमारे 31 लाख पौंड सांगितली जाते. रुपयांतील आकडे वृत्तपत्रांनी वेगवेगळे दिले आहेत. 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

वापराचा वाद : खरेदीनंतर निवासी जागेचे संग्रहालय झाले, पण या बदलासाठी लागणारी स्थानिक नियोजन परवानगी आधी घेतलेली नव्हती. 2018 मध्ये ती मागण्यात आली. राहत्या जागेत घट होते या मुख्य कारणावरून कॅम्डेन कौन्सिल या स्थानिक संस्थेने ऑक्टोबर 2018 मध्ये अर्ज फेटाळला आणि घर पुन्हा निवासी वापरात आणण्याचा आदेश दिला. गर्दी आणि गोंगाटाबद्दल काही शेजाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. कौन्सिलच्या निर्णयावर अपील झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जाहीर चौकशीत सुनावणी झाली. अंतिम निर्णय ब्रिटनच्या गृहनिर्माण खात्याकडे गेला. मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी मार्च 2020 मध्ये संग्रहालयाला परवानगी दिली. स्थानिक आराखड्यातील निवासी जागेच्या धोरणाशी हा वापर विसंगत असला, तरी वास्तूचे सांस्कृतिक मोल त्याहून अधिक आहे, असा निर्णयाचा आशय होता. लंडनसारख्या घरटंचाईच्या शहरात कौन्सिलचा आक्षेप निराधार नव्हता. तरीही निकाल योग्यच म्हणावा लागेल.

मांडणी : खोल्यांत छायाचित्रे, वचने, ग्रंथ आणि विद्यार्थिजीवनाची कल्पना देणारे सामान मांडले आहे. ही मांडणी 2015 नंतरची आहे. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ आंबेडकरांनी स्वतः, मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी, बांधून घेतले होते. लंडनचे घर भाड्याचे होते, हा फरक दोन्ही वास्तू पाहताना ध्यानात ठेवावा.

जवळचे भुयारी रेल्वे स्थानक चॉक फार्म. मालकी महाराष्ट्र शासनाकडे.