सूप, स्लो कुकर आणि समासातला एक प्रश्न

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: "स्लो कुकरचा उगम पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांच्या शब्बाथच्या जेवणात आहे." मला ते फार आवडायचं. प्रकरणाची सुरुवातच त्याने होत होती. गाइडकडून मसुदा परत आला तेव्हा त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि समासात एकच शब्द होता. कशावरून?

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिसशी झटापट चालू असेल, तर हा शब्द आज ना उद्या तुमच्याही समासात येणार आहे. म्हणून त्याच्यामागे माझे तीन आठवडे कसे गेले ते सांगते. मध्ये सूपही येईल.

आधी वस्तू समजून घ्या. स्लो कुकर म्हणजे जाड चिनीमातीचं भांडं, ते ज्यात बसतं ते विजेवर तापणारं आवरण आणि वर झाकण. आपला प्रेशर कुकर तीन शिट्ट्यांत काम उरकतो. हा बरोबर त्याच्या उलट. सकाळी मांस, भाज्या, पाणी घाला, बटण फिरवा, कामाला जा, संध्याकाळी जेवा. मी अमेरिकेत शिकते, आणि इथल्या घरांत थंडीच्या दिवसांत बीफ आणि भाज्यांचं घट्ट सूप याच भांड्यात होतं. माझा विषय घरातल्या उपकरणांचा इतिहास आहे, त्यामुळे याला टाळून पुढे जाणं शक्यच नव्हतं.

आता उगमाची गोष्ट. आयर्विंग नाखुमसोन यांचा जन्म १९०२ चा, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा. पुढे त्यांनी आडनाव नॅक्सन असं केलं आणि शिकागोत स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या कुटुंबाची मुळं लिथुआनियातल्या विल्ना शहरात, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये. तिथे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत बायका चोलेंटचं भांडं भरून बेकरीत पाठवायच्या. शेंगांचे दाणे, बार्ली, बटाटे आणि बीफ. बेकरीची भट्टी विझत आलेली असे. तिच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजत राही आणि शनिवारी प्रार्थनेनंतर घरी आणलं जाई. कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही आणि रांधायचंही नाही. आधीपासून उबेवर ठेवलेलं अन्न मात्र चालतं. (शनिवार पाळणं कोकणातल्या वाचकाला नवीन नाही. रायगडकडच्या बेने इस्रायली लोकांना 'शनिवार तेली' हे नाव पडलं ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच.) लहानपणी ऐकलेल्या या आठवणीवरून नॅक्सन यांना विजेच्या भांड्याची कल्पना सुचली, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं.

गोष्ट सुंदर आहे. म्हणूनच मी ती तपासली नव्हती.

पहिलं काम केलं ते पेटंट वाचण्याचं. अमेरिकी पेटंट क्रमांक २१८७८८८. ते कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतं, तुम्हीही वाचा. इथेच एक छोटा सापळा आहे. अर्ज मे १९३६ चा आणि मंजुरी जानेवारी १९४० ची. त्यामुळे काही लेख १९३६ म्हणतात, काही १९४०, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. तळटीप देताना तारीख अर्जाची की मंजुरीची, ते लिहायचं. मी लिहिलं नव्हतं.

पेटंटात काय आहे? आतलं भांडं, बाहेरचं आवरण, आणि उष्णता सगळीकडून सारखी लागावी म्हणून केलेली तापणाऱ्या तारेची मांडणी. विल्ना नाही, भट्टी नाही, शब्बाथ नाही. पण यावरून लगेच "मग गोष्ट खोटी" असं म्हणू नका, मी दोन दिवस तेच म्हणत फिरले. पेटंट हा यंत्रावर हक्क सांगणारा कायदेशीर कागद असतो. तिथे आईची आठवण कोण लिहील? साधन एखाद्या गोष्टीबद्दल गप्प असेल, तर आधी विचारायचं की ते बोलणं त्याचं कामच होतं का.

मग ही गोष्ट आली कुठून? कुटुंबातून. नॅक्सन यांच्या मुलीने ती लिहून प्रसिद्ध केली. इथे मला सगळ्यात गमतीची गोष्ट दिसली. काही लेखांत ही आठवण नॅक्सन यांच्या आईची आहे, काहींत आजीची. असं का झालं असावं? माझा अंदाज असा: सांगणारी मुलगी आहे. ती "माझी आजी" म्हणते तेव्हा ती बाई नॅक्सन यांची आई असते. पुढच्या लेखकाने घाईत "माझी" गाळून "आजी" तेवढी उचलली, की एक पिढी सरकली. आपल्याकडे घराघरांतल्या आठवणी गोळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आजी, काका, वहिनी हे शब्द बोलणाऱ्यापासून मोजायचे असतात. मुलाखतीच्या वहीत प्रत्येक नात्यापुढे "कुणाची" ते लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

आणखी एक कारणही सांगितलं जातं, आणि ते फारच साधं आहे. उन्हाळ्यात ओव्हन पेटवला की घर तापतं, तेव्हा ओव्हनशिवाय रांधायची सोय हवी होती. चोलेंट आणि उकाडा, दोन्ही खरं असू शकतं. पण "उगम" हा शब्द एकवचनी आहे, आणि माझ्या वाक्यात तो एकटाच ऐटीत बसला होता.

दरम्यान मी सूप करून पाहायचं ठरवलं. हसू नका. पाककृती हे साधन असेल तर ती नुसती वाचून अर्धीच कळते. एक जुना कुकर स्वस्तात मिळाला. पाऊण किलो खांद्याकडचं बीफ, तीन बटाटे, तीन गाजरं, कांदा, सेलरीचे दोन दांडे, टोमॅटो, मूठभर बार्ली, दीड लिटर पाणी, मीठ, मिरी, तमालपत्र. मांस आधी तव्यावर तांबूस करून तळाशी घातलं, भाज्या वर. मंद सेटिंग, आठ तास.

संध्याकाळी मांस चमच्याने तुटत होतं आणि वरचे बटाटे, गाजरं कचकचीत! आपल्याला वाटतं मांस शिजायला जड आणि भाजी हलकी. इथे उलटं होतं. खांद्याच्या मांसातला चिवट कोलॅजेन साधारण सत्तर अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिला की हळूहळू जिलेटिन होतो. भाजीचे तुकडे घट्ट धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला मात्र पंच्याऐंशीच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. भांडं तापतं ते बाजूंनी आणि तळातून, वरचा थर सगळ्यात शेवटी. दुसऱ्या खेपेला कंदमुळं बारीक चिरून तळाशी आणि कडेला लावली, मांस वर ठेवलं. जमलं. पाककृतींची पुस्तकं बटाटे-गाजरं खाली ठेवायला का बजावतात, ते मला तेव्हा कळलं. पहिल्या वाचनात ती ओळ मी सजावटीची सूचना समजून ओलांडली होती. (राजमा घालणार असाल तर भिजवून, पाणी फेकून, ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळून मगच घाला. त्यातलं एक विषारी द्रव्य मंद आचेवर पुरतं नष्ट होत नाही.)

वहीत मी वेळही लिहिली होती. सकाळी चिरणं, मांस परतणं, भांडी धुणं: पंचेचाळीस मिनिटं. संध्याकाळी: पाच. एका बाईचा एक दिवस म्हणजे पुरावा नव्हे. पण त्या आकड्यांमुळे मी १९७० च्या दशकाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

कारण नॅक्सन यांचा कुकर बरीच वर्षं मुख्यतः शेंगांचे दाणे शिजवायचं भांडं म्हणूनच ओळखला जात होता. त्याचं नावही 'बीनरी' असं होतं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला, आणि १९७१ मध्ये तेच यंत्र नवं रूप आणि 'क्रॉक-पॉट' हे नाव घेऊन बाजारात आलं. रायव्हलच्या गृहअर्थशास्त्रज्ञ बाईंनी पाककृती करून पाहिल्या, तेव्हा त्यात दाण्यांखेरीज बरंच काही होतं हे लक्षात आलं. १९७५ मध्ये मेबल हॉफमन यांचं 'क्रॉकरी कुकरी' आलं आणि लाखोंनी खपलं. यंत्राचं तत्त्व जुनंच होतं. मग तीस-पस्तीस वर्षांनी एकदम काय झालं?

अमेरिकेत १९७० मध्ये साधारण ४३ टक्के प्रौढ स्त्रिया नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या होत्या. १९८० पर्यंत हा आकडा ५१ च्या पुढे गेला. जाहिरातींनी हेच धरलं: बाई दिवसभर बाहेर, रांधणं घरात चालू. विल्नाच्या भांड्याला रात्र भरून काढायची होती, कारण त्या वेळात रांधायला मनाई होती. कॅन्सस सिटीच्या भांड्याला दिवस भरून काढायचा होता, कारण रांधणारी ऑफिसात होती. ती रांधणारीच असणार, हे मात्र जाहिरातीने गृहीत धरलं होतं. रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं १९८३ चं 'मोअर वर्क फॉर मदर' तुम्ही वाचलं नसेल तर ग्रंथालयातून मागवा. घरगुती यंत्रं आली तरी बाईचे कामाचे तास का घटले नाहीत, हा त्यांचा प्रश्न. माझी पंचेचाळीस मिनिटं त्या प्रश्नाच्या शेजारी ठेवली तर दिसतं की काम फारसं कमी झालंच नव्हतं. ते संध्याकाळी सहावरून सकाळी सहावर गेलं होतं.

मी वाक्य बदललं. आता ते असं आहे: "नॅक्सन कुटुंबातल्या आठवणीनुसार या यंत्रामागे विल्नाच्या चोलेंटची प्रेरणा होती, १९३६ च्या पेटंट-अर्जात तिचा उल्लेख नाही, आणि १९७१ नंतरच्या खपाचं स्पष्टीकरण त्या आठवणीत सापडत नाही." वाक्य लांबलं, जरा रुक्षही झालं. प्रकरणाच्या सुरुवातीला ते शोभत नाही, म्हणून मधल्या पानावर नेलं.

गेल्या आठवड्यात मसुदा परत आला. या वेळी रेघ नव्हती, पण समासात पुन्हा पेन्सिल होती: आणि विजेच्या आधीचे कुकर? प्रश्न रास्त आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेचा एक डबा मांडला होता. उकळी आलेलं भांडं त्यात बंद करून ठेवायचं, ते स्वतःच्याच उबेवर शिजत राही. गवत भरलेल्या तसल्या पेट्या पुढे अमेरिकेतही बऱ्याच स्वयंपाकघरांत होत्या. सूप फ्रीजमध्ये दोन दिवस पुरेल एवढं आहे. सध्या मी गवताच्या पेट्यांबद्दल वाचतेय.