छोट्या ऑफिससाठी सर्व्हर घेताय? मग त्याचा आवाज ऐका, तोही मे महिन्यातला

समोर सगळं दिसत असून काहीच कळत नसल्याचं सोंग घेणाऱ्याला आपण म्हणतो, 'वेड पांघरून पेडगावला जातोय'. या म्हणीतलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं. परभणी जिल्ह्यातलं पेडगाव वेगळं. परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते लागतं. पण छोट्या ऑफिसात सर्व्हर आला की ही म्हण कुठल्याही गावाला लागू पडते. खोलीत दिवसभर घुंss असा आवाज चालू असतो आणि तो कुणालाच ऐकू येत नसल्यासारखं सगळे वागत असतात.

सर्व्हर घेताना रॅम विचारली जाते, हार्डडिस्क विचारली जाते, वॉरंटी आणि किमतीवरून घासाघीस होते. 'आवाज किती करतो?' हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. शहरातल्या मोठ्या कंपन्यांना त्याची गरजही नसते. त्यांच्याकडे सर्व्हरसाठी वेगळी, एसीवाली, बंद खोली असते. गावातल्या पतसंस्थेत तोच सर्व्हर कॅशियरच्या पायाशी येऊन बसतो. त्यामुळे आवाजाचा प्रश्न खरा पडतो तो अशाच ठिकाणी.

मुळात सर्व्हर लागतो का?

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य तलाठी कार्यालयात ज्यानं ऐकलं नाही असा शेतकरी सापडणं अवघड. पण तो डाऊन झालेला सर्व्हर त्या कार्यालयात नसतोच. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याचा सगळा डेटा सरकारच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये असतो, तलाठ्याच्या टेबलावर फक्त लॅपटॉप. विकास सोसायट्यांचंही तेच. देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची. त्यातलं सॉफ्टवेअर क्लाउडवर चालतं. म्हणजे सोसायटीत कॉम्प्युटर हवा, सर्व्हर नको.

मग लागतो कुणाला? ज्यांचे चार-पाच कॉम्प्युटर एकाच हिशोबावर काम करतात त्यांना. टॅलीचा डेटा एका जागी ठेवणारं अडत दुकान किंवा जिनिंग, स्वतःचं सॉफ्टवेअर असलेली बिगरशेती पतसंस्था, रिपोर्ट आणि एक्स-रे जपून ठेवणारा दवाखाना, निकाल आणि दाखले सांभाळणारी शाळा. इंटरनेट गेलं तरी काम थांबू नये, ही त्यांची गरज असते. अशा ऑफिसला साधा टॉवर सर्व्हर किंवा दोन डिस्कचा नॅस बॉक्स बहुतेक वेळा पुरतो. तरी पैसे जातात ते रॅक सर्व्हरवर, कारण तो दिसायला 'खरा सर्व्हर' वाटतो आणि जुना घेतला तर स्वस्तही पडतो.

पातळ सर्व्हर जास्त का ओरडतो?

रॅक सर्व्हरची उंची 'यू' या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, जेमतेम साडेचार सेंटिमीटर. एवढ्या फटीत बसतो तो ४० मिलिमीटरचा पंखा. पाती इवलीशी असल्यानं हवा ढकलायची तर ती प्रचंड वेगानं फिरवावी लागतात. घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. हे छोटे पंखे जोरात असताना मिनिटाला १५ हजार किंवा त्याहूनही जास्त फेरे मारतात, आणि असे पाच-सहा पंखे एका ओळीत बसवलेले असतात.

१५ हजार फेरे म्हणजे सेकंदाला २५०. पंख्याला पाच पाती असतील तर प्रत्येक सेकंदाला १,२५० ठोके, म्हणजे १,२५० हर्ट्झचा सूर. त्याच्या दुप्पट-तिप्पट पट्टीतले सूरही सोबत निघतात, आणि माणसाचा कान नेमका २ ते ५ हजार हर्ट्झच्या टापूत सगळ्यात तिखट असतो. म्हणून कूलरची घरघर तासाभरात विसरायला होते, पण रॅक सर्व्हरची शिट्टी विसरायला होत नाही. डेसिबल सारखेच असले तरी.

टॉवर सर्व्हरमध्ये जागा असते, त्यामुळे ८० ते १२० मिलिमीटरचे पंखे बसतात. तेवढीच हवा ते निवांत फिरून ढकलतात.

खरी परीक्षा मे महिन्यात

पंख्याचं गणित थोडं क्रूर आहे. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलनं चढतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे १५ डेसिबल वाढले की जवळपास तिप्पट.

आता हे परभणीच्या हवामानात ठेवून बघा. कंपन्या माहितीपत्रकात आवाजाचा जो आकडा छापतात, तो साधारण २३ अंश तापमानाच्या खोलीत मोजलेला असतो. बऱ्याच सर्व्हरची कमाल मर्यादा ३५ अंशांची असते. काही मॉडेल ४० किंवा ४५ अंशांपर्यंत चालतात, पण ते माहितीपत्रकात वेगळं लिहिलेलं असतं. परभणीत मे महिन्यात बाहेरचा पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याचं छत असेल आणि दुपारी लाईट गेली असेल तर आतलं तापमान किती असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

म्हणजे डिसेंबरमध्ये दुकानातल्या एसीत अगदी शहाण्यासारखा बसलेला सर्व्हर मे महिन्यात तोच राहत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. ते जीव वाचवायला धडपडत असतं. सर्व्हरचा आवाज हा बहुतेक वेळा त्याच्या तापाचा आकडा असतो, आणि खरेदी करताना विचारायचा प्रश्नही तोच आहे: ४० अंशांच्या खोलीत हा किती वाजेल आणि किती टिकेल?

थोडा आवाज झाला तर बिघडलं काय?

कानाला इजा होईल का, ही भीती सहसा नको. अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या मर्यादेची आहे. ऑफिसातला एखादा सर्व्हर बसल्या जागी तिथपर्यंत जात नाही. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरासाठी असते, खोलीच्या आतल्या आवाजासाठी नाही. तरी घराला लागून असलेल्या ऑफिसात रात्रभर रॅक सर्व्हर चालवणाऱ्यानं शेजाऱ्याच्या झोपेचा विचार केलेला बरा.

नुकसान दुसरीकडेच होतं, काउंटरवर. दोन माणसं एक मीटरवरून बोलतात तेव्हा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. खोलीतला आवाज त्याच्या जवळ गेला की माणूस नकळत मोठ्यानं बोलू लागतो. पतसंस्थेत आलेल्या म्हातारीला तिची शिल्लक ओरडून सांगावी लागते. कुणाचं कर्ज किती थकलंय हे बाकावर बसलेल्या पाचजणांना कळतं. दवाखान्यात आजाराचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं. गाव लहान असेल तर हा त्रास डोकेदुखीपेक्षा मोठा ठरतो. माहिती गुप्त राहावी म्हणून पासवर्ड लावायचा आणि तीच माहिती सर्व्हरच्या आवाजावरून ओरडून सांगायची, असा तो प्रकार होतो.

दुसरं नुकसान त्याहून महागाचं. आवाज सहन होईना की माणूस उपाय शोधतो. सर्व्हर लोखंडी कपाटात घालून दार लावलं जातं. वर चादर टाकली जाते. एखादा 'जाणकार' पंख्याची वायर काढून देतो. नाहीतर संध्याकाळी जाताना मेन स्विचच बंद होतो. पण दीड-दोनशे वॅट खाणारं यंत्र तेवढीच उष्णता बाहेर टाकतं. बंद कपाटात ती जाणार कुठे? आतली हवा तापते, पंखे आणखी जोरात फिरतात, आणि एक दिवस यंत्र स्वतःच बंद पडतं किंवा डिस्क जाते. रात्रीचा बॅकअप ११ वाजता लावलेला असेल आणि स्विच सहालाच बंद होत असेल, तर बॅकअप कधी झालेलाच नसतो, हे कळतं ते डेटा गेल्यावर.

आवाजानं डिस्क बंद पडते?

हो, पडू शकते. साध्या हार्डडिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर वाचणारं डोकं तरंगत असतं. थरथर झाली की ते नेमक्या रेषेवरून हलतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये रोमानियातल्या बुखारेस्ट इथं आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅस यंत्रणेची चाचणी सुरू होती. आग लागलेली नव्हती. पण गॅस नळ्यांतून सुटताना १३० डेसिबलच्या वर आवाज झाला, अनेक हार्डडिस्क निकामी झाल्या आणि बँकेची कार्डं आणि एटीएम कित्येक तास बंद राहिली. एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनमधल्या एका डेटा सेंटरमध्ये असंच घडलं आणि नॅसडॅकच्या उत्तर युरोपातल्या शेअर बाजारांचं कामकाज अडलं.

आणखी गमतीचा किस्सा २०२२ मध्ये समोर आला. मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्यानं लिहिलं की जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' हे गाणं वाजलं की काही जुने लॅपटॉप बंद पडायचे. गाण्यातला एक सूर त्या लॅपटॉपच्या हार्डडिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता.

ही टोकाची उदाहरणं आहेत. सर्व्हरचा स्वतःचा पंखा १३० डेसिबल कधीच करत नाही. पण बेअरिंग गेलेला, डगमगणारा पंखा डिस्कशेजारी महिनोन् महिने थरथरत राहणं चांगलं नाही, आणि सर्व्हरवर स्पीकर ठेवणंही नाही. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे तिला कंपनाची ही भीती उरत नाही. शिवाय ती गप्प असते. छोट्या ऑफिसचा हिशोब फार मोठा नसतो, त्यामुळे आज एसएसडी परवडते.

मग घेताना काय बघायचं?

माहितीपत्रकात आवाज दोन प्रकारे लिहितात आणि इथेच गफलत होते. 'साऊंड पॉवर' म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर फेकतं. तो बऱ्याचदा 'बेल'मध्ये असतो. एक बेल म्हणजे दहा डेसिबल. म्हणून '५.५' वाचून खूश होऊ नका, ते ५५ डेसिबल आहेत. 'साऊंड प्रेशर' म्हणजे ठरावीक अंतरावर कानापर्यंत किती पोचतो ते. बल्ब किती वॅटचा आणि टेबलावर उजेड किती, एवढा फरक. दोन मॉडेलची तुलना करायची तर एकाचा पॉवर आणि दुसऱ्याचा प्रेशर घेऊन चालत नाही. शिवाय आकडा काम नसतानाचा आहे की पूर्ण भार असतानाचा, तेही बघायचं.

नावावरूनही अंदाज येतो. डेलच्या पॉवरएजमध्ये 'टी'नं सुरू होणारे टॉवर, 'आर'वाले रॅक. एचपीईच्या प्रोलायंटमध्ये 'एमएल' टॉवर, 'डीएल' रॅक. वेगळी खोली नसेल तर 'टी' आणि 'एमएल'कडेच बघावं. जुना रॅक सर्व्हर स्वस्त पडतो हे खरं, पण तो सतत २०० वॅट खात असेल तर दिवसाला ४.८ युनिट होतात, महिन्याला १४४. वाचलेले पैसे महावितरणला जातात, आणि शिट्टी फुकट मिळते. जुन्या सर्व्हरची आणखी एक खोड आहे. कंपनीच्या यादीत नसलेलं कार्ड बसवलं की काही मॉडेल काळजीपोटी पंखे कायम जोरात ठेवतात.

घेतलेला सर्व्हर कुठे ठेवायचा, हे मॉडेलइतकंच महत्त्वाचं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, पण टेबलाखालून पलीकडच्या कोपऱ्यात नेला तरी फरक कळतो. पुढून हवा आत आणि मागून बाहेर, एवढी वाट मोकळी हवी. मागे वीतभर तरी जागा सोडायची. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ती हवा गार असली तरी ओली असते, आणि पाण्याचे तुषार, धूळ सगळं सोबत आणते. यूपीएसला स्वतःचा पंखा असतो, स्वस्त इन्व्हर्टरचा गुणगुणाटही असतो, त्यांचा आवाज वेगळा धरायचा.

कापसाच्या पट्ट्यात एक काम जास्तीचं. मानवत, सेलू, परभणी या भागात हंगामात तंतू हवेत असतात. जिनिंगजवळच्या ऑफिसात सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर त्यांचा थर बसतो, हवा अडते आणि पंखे चढतात. दर महिन्याला बंद करून ब्लोअर मारला तर आवाज लगेच उतरतो.

सुरू करताना पहिलं मिनिटभर सर्व्हर विमानासारखा गरजतो, तो स्वतःचे पंखे तपासत असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थंड खोलीत, काम नसताना अचानक चढलेला आवाज मात्र जाळी तुंबल्याची किंवा एखादा पंखा बंद पडल्याची खूण असते, कारण उरलेले पंखे त्याचा भार उचलतात. खरखर आली तर बेअरिंग गेलं समजा, पंखा बदलायला फार पैसे लागत नाहीत. आणि हार्डडिस्कमधून थांबून-थांबून टक्, टक् असा आवाज येत असेल तर मेकॅनिक उद्या आला तरी चालेल, बॅकअप आजच घ्या.