सहा ठिपक्यांची लिपी

चांभाराची आरी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. अशाच एखाद्या हत्याराने फ्रान्समधल्या एका मुलाचे डोळे गेले. पॅरिसच्या पूर्वेला कूव्रे नावाचं खेडं आहे. तिथे घोड्यांचं खोगीर आणि लगाम करणाऱ्या कारागिराच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असताना तो बापाच्या दुकानात चामड्याशी खेळत बसला, हत्यार निसटलं आणि एका डोळ्यात घुसलं. जखम चिघळली, दुसराही डोळा बिघडला. पाचव्या वर्षापर्यंत पोराला काहीच दिसेनासं झालं.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढची गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी आहे. गावच्या मास्तरांनी या मुलाला इतर मुलांबरोबर शाळेत बसवून घेतलं. तो नुसतं ऐकून शिके आणि वर्गात पुढे असे. पण वाचायचं कसं? म्हणून १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, त्याची रवानगी पॅरिसच्या अंधशाळेत झाली.

ही शाळा व्हॅलेंटिन आवी या गृहस्थांनी १७८५ च्या सुमारास काढली होती. आवी यांनी १७७१ मध्ये एका जत्रेत अंध माणसांना विदूषकाचे वेष चढवून लोक हसताना पाहिलं होतं. ते त्यांच्या मनाला लागलं. अंधांनाही वाचता आलं पाहिजे, म्हणून त्यांनी कागदावर नेहमीचीच अक्षरं उठावदार छापून घेतली. कल्पना मोठीच होती. पण पुस्तकं भलतीच जाड आणि जड होत, आणि प्रत्येक अक्षराचं वळण बोटाने चाचपत जायला फार वेळ लागे. शिवाय मुलाला स्वतःला काही लिहायचं झालं तर? घरी आईला चार ओळी पाठवायच्या म्हटलं, तरी ती सोय या अक्षरांत नव्हतीच म्हणा ना.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाचे निवृत्त लष्करी अधिकारी आपली ठिपक्यांची लिपी घेऊन शाळेत आले. ती बारा ठिपक्यांची होती. एवढे ठिपके एका बोटाखाली मावत नसत, आणि ती आवाजाची लिपी असल्याने तीत शुद्धलेखनाला जागा नव्हती. लुईने ते बारा ठिपके सहावर आणले. दोन उभ्या ओळी, ओळीत तीन-तीन ठिपके. बोटाचं टोक टेकलं की अख्खं अक्षर हाताशी येतं. या सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्या होतात, म्हणजे अक्षरं, अंक, विरामचिन्हं, सगळ्यांची सोय झाली. १८२४ मध्ये हे काम बहुतेक पुरं झालं तेव्हा त्याचं वय होतं पंधरा! १८२९ मध्ये त्याने ते छापून प्रसिद्धही केलं.

मुलांनी लिपी उचलली, पण थोरांनी लगेच मान्य केली नाही. १८४० नंतर तर काही काळ शाळेच्या प्रमुखांनी तिला बंदीच केली. अंधांची लिपी वेगळी झाली तर ते डोळसांपासून तुटतील, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा अगदीच पोकळ होता असं नाही. पण अक्षर वाचणार होतं मुलाचं बोट, आणि ते पसंत-नापसंत करत होते मोठ्यांचे डोळे. मुलं चोरून टोचत राहिली. ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले, क्षयाने खंगले आणि ६ जानेवारी १८५२ रोजी वारले. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिलर्ड बाईंनी १९०० मध्ये शाळा काढली. अडचण होती ती लिपीची. आपल्या भाषा अनेक, आणि त्यांच्यासाठी ब्रेलच्या पद्धतीही निरनिराळ्या. अखेर १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. मराठीतला 'क', तमिळमधला 'क' आणि बंगालीतला 'क', कागदावर तिघांची तोंडं तीन दिशांना. बोटाला मात्र तिन्हीकडे तेच दोन ठिपके लागतात. डोळसांना जी एक लिपी करता आली नाही, ती इथे होऊन गेली, बरं का!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पुस्तकं आणि लागणारी साधनंही अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य द्यायची आहेत. तेव्हा असं मूल गावच्या शाळेतही येणार.

ते ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जाईल, मग कागद उलटून डावीकडून वाचील. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. ते आधी 'क' टोचील आणि मागून 'इ', जसं कानाला ऐकू येतं तसं. त्याची वही तपासायची असेल तर, गुरुजी, हे ठिपके डोळ्यांनीही वाचता येतात.