भिंतीवरची पांढरी पावडर कोठीत कशी पोचली?

मंडळी, ज्यांनी साठी ओलांडलीय त्यांना हे आठवत असेल. गावात मलेरियाचे फवारणीवाले यायचे. भांडीकुंडी, गोधड्या, पाण्याचा माठ, सगळं अंगणात काढायचं. तासाभरात भिंती पांढऱ्या, घरभर उग्र वास, आणि दाराशेजारी फवारणीची तारीख लिहिलेली. ती पावडर म्हणजे डीडीटी.

आज तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची, असा सरकारी अंदाज होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना थंडीताप काय असतो हे सांगायला नको. बारा वर्षांत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले. पुढे तो ताप उलटला, १९७६ ला पुन्हा ६४ लाख रुग्ण झाले, ती गोष्ट वेगळी. पण त्या पावडरनं जीव वाचवले, हे मान्यच करायला हवं.

चूक झाली ती पुढे. फवारणी भिंतीवर का करायची, हे कुणी नीट सांगितलंच नाही. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो, म्हणून भिंत. आणि डीडीटी लवकर विरत नाही, एकदा मारली की काही महिने पुरते, म्हणून डीडीटी. आपण मात्र साधा हिशेब केला. डास मरतो, मग दादरचे सोंडे का मरणार नाहीत? तोवर कपाशीच्या निमित्तानं गॅमेक्झिनही घरात आलं होतं. शेतात उरलेली पावडर कुणी खाटेखाली टाकली, कुणी मोरीत, तर कुणी थेट धान्यात.

न विरणं हा भिंतीवर गुण होता. कोठीत तोच घात ठरला. हे विष चरबीत साठतं आणि दुधातून पुढच्या पिढीत उतरतं. १९९३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १२ राज्यांतले दुधाचे २२०५ नमुने तपासले. त्यातल्या ८२ टक्क्यांत डीडीटीचे अंश सापडले. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसी म्हणजे आपलं गॅमेक्झिन १९९७ मध्ये बंद झालं. पावडर गेली, पण सवय राहिली.

त्या सवयीची किंमत बघा. १९५८ मध्ये केरळात फॉलिडॉल हे कीटकनाशक आणि खायचं धान्य एकाच जहाजातून आलं. विष सांडलं, धान्यात मिसळलं आणि शंभरावर माणसं गेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ ला, कीटकनाशक कायदा झाला. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्याच कायद्यातून आला. तरीही जुलै २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस निघालं. हे नाव आपल्या कपाशीवाल्यांना नवं नाही. म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांनीही रोग तोच होता : शेतातलं विष आणि घरातलं अन्न यांच्यामध्ये भिंत नाही.

याआधी आपल्याकडे काय होतं? शेणामातीनं सारवलेली कणगी, गव्हाला चोळलेलं एरंडेल, कडधान्यात गोवरीची राख, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर एका अमेरिकन कंपनीनं आणि तिथल्या कृषी खात्यानं युरोपात पेटंट मिळवलं होतं. ते २००० साली रद्द झालं, २००५ मध्ये त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. आपल्याकडे हे आधीपासून वापरात होतं, हाच मुद्दा तिथं टिकला.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही नाही बरं का. धान्यात टाकतात त्या पाऱ्याच्या गोळ्या 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या तरी पारा तो पाराच. बिब्ब्यानं कातडी भाजते. आणि सगळ्यात घातक म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांचा वापर फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचा, असा नियम आहे. त्यांच्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही. कोठी असलेल्या खोलीत कुणी झोपत असेल, तर त्या गोळ्या घरात आणूच नका.

मग करायचं काय? मे महिन्यात जळगाव-धुळ्याचं ऊन चव्वेचाळीसच्या पुढे जातं. आपण त्याला शिव्या देतो, पण धान्याला तेच औषध आहे. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा, सावलीत निववा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या कोठीत काठोकाठ भरा. आत हवा कमी असली की किडे गुदमरून मरतात. तूर, मूग, हरभऱ्याला किलोमागे चहाचा एक चमचा खायचं तेल चोळा. दाण्यावर अंडी टिकत नाहीत. एवढं केलं तर पावडरची गरजच पडत नाही.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. फवारणीचा रिकामा डबा घरात पाण्याला, तेलाला, धान्य मोजायला वापरात आहे का ते बघा. असेल तर भोकं पाडून निकामी करा. संडासचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तर ते त्याच्या मूळ बाटलीत, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी हलवा. आणि हो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

भिंतीवर तारीख लिहून जाणारा माणूस आता येत नाही. आपल्या घरात काय आलं, कधी आलं, कुठं ठेवलं, हे आता आपल्यालाच लक्षात ठेवायचंय.